वर्ल्ड फुटबॉल लीगच्या जर्सी धुऊ नयेत

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

खेळाडूंनी मैदानावर वापरलेल्या वस्तूंच्या संग्रहाविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी येथे, अमेरिकेतील शार्लट शहरात, दोनदा वाचला. या विषयावर मराठीत इतके सविस्तर क्वचितच लिहिले जाते, आणि लेखिकेने बॅट, चेंडू व टोप्या यांच्याविषयी दिलेली माहिती उपयुक्त आहे. जर्सींविषयी मात्र त्यांनी दोन सल्ले दिले आहेत. जुनी जर्सी मिळाली की ती सौम्य साबणाने धुऊन, इस्त्री करून, काचेच्या चौकटीत दर्शनी भिंतीवर लावावी, हा एक. आणि ती घालणारा खेळाडू नावाजलेला नसेल तर तिच्यावर पैसे घालू नयेत, हा दुसरा. बंद पडलेल्या एका अमेरिकन फुटबॉल लीगच्या जर्सी मी गेली १९ वर्षे जमवत आलो आहे. त्या अनुभवावरून मला हे दोन्ही सल्ले चुकीचे वाटतात, आणि पहिला तर घातक वाटतो, कारण त्याने होणारे नुकसान पुन्हा भरून निघत नाही.

माझ्याविषयी एवढेच सांगतो की, मी इचलकरंजीत वाढलो, घरात माग होते, शिक्षण टेक्स्टाइलचे झाले आणि नोकरीची बहुतेक वर्षे नॉर्थ कॅरोलायनातील होजिअरीच्या कारखान्यांत विणलेले कापड तपासण्यात गेली. अमेरिकन फुटबॉल मला कळत नव्हता. कारखान्यातील एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याने १९७४ साली शार्लटच्या संघाचे सामने पाहिले होते. त्या संघाची म्हणून विकत घेतलेली एक जर्सी खरोखर त्या काळातली आहे का, हे कापडावरून सांगता येईल का, असे विचारत ती त्याने माझ्या टेबलावर आणून ठेवली. भिंगाखाली ते कापड पाहताना जे दिसले, त्यातून हा नाद लागला. आज माझ्याकडे ११ जर्सी आहेत. त्यांतील एकही प्रसिद्ध खेळाडूची नाही.

हा संघ वर्ल्ड फुटबॉल लीगमधला. बास्केटबॉल आणि आइस हॉकी या खेळांत प्रस्थापित लीगला आव्हान देणाऱ्या नव्या लीग उभ्या करणाऱ्यांपैकी एक असलेले गॅरी डेव्हिडसन यांनी १९७३ च्या ऑक्टोबरात तिची घोषणा केली, आणि १० जुलै १९७४ रोजी सामने सुरूही झाले. १२ संघ आणि प्रत्येकाचे २० सामने, असा तो पसारा होता; त्या वेळी या खेळातल्या प्रस्थापित नॅशनल फुटबॉल लीगचा संघसुद्धा हंगामात १४ सामने खेळत असे. टचडाउनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेण्याला, सहाऐवजी सात गुण देण्यासारखे काही नवे नियम आले. नॅशनल फुटबॉल लीगमधील मायामी डॉल्फिन्स संघाचे लॅरी झॉन्का, जिम कीक आणि पॉल वॉरफील्ड या तिघांना मोठ्या रकमा देऊन १९७५ पासूनसाठी करारबद्ध करण्यात आले, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष या लीगकडे वळले. पण मालकांजवळ पैसाच नव्हता. डेट्रॉइट आणि जॅक्सनव्हिल हे संघ पहिला हंगाम संपण्याआधीच बुडाले, ह्यूस्टनचा संघ श्रीव्हपोर्टला गेला, न्यूयॉर्कचा संघ आमच्या शार्लटला आला, आणि ऑर्लँडोत खेळणाऱ्या फ्लोरिडा ब्लेझर्सचे खेळाडू कित्येक आठवडे पगाराविना खेळत अंतिम सामन्यापर्यंत पोचले. दुसरा हंगाम अर्ध्यावर असताना, २२ ऑक्टोबर १९७५ रोजी, लीग बंद झाली.

आता या लीगच्या जर्सींचे पुढे काय झाले, हे पाहिले म्हणजे धुण्याला माझा विरोध का, ते लक्षात येईल. ५ डिसेंबर १९७४ रोजी बर्मिंगहॅमच्या लीजन फील्डवर अंतिम सामना झाला आणि बर्मिंगहॅम अमेरिकन्स संघाने ब्लेझर्सना २२-२१ असे हरवले. विजयाचा जल्लोष ओसरतो न ओसरतो तोच शेरीफची, म्हणजे तिथल्या पोलीस अधिकाऱ्याची, माणसे आली आणि क्रीडासाहित्याच्या दुकानाच्या थकलेल्या उधारीपोटी विजेत्या संघाचे गणवेश व साहित्य जप्त करून घेऊन गेली. ज्या जर्सी घालून त्या खेळाडूंनी अजिंक्यपद मिळवले, त्या त्यांना घरीही नेता आल्या नाहीत. शार्लटच्या संघाचे गणवेशही धुलाईच्या थकलेल्या बिलापोटी असेच जप्त झाले होते. प्रस्थापित संघांत हंगाम संपला की साहित्य सांभाळणारा माणूस जर्सी मोजतो, दुरुस्त करतो, कपाटात ठेवतो, वहीत नोंद करतो. या लीगमध्ये अनेक ठिकाणी ना तो माणूस उरला ना ती वही. जर्सी ज्याच्या हाती लागल्या त्याच्याकडे गेल्या. काही येणेकऱ्यांकडे, काही खेळाडूंच्या पेट्यांत, काही एखाद्या शाळेच्या सरावाच्या कपड्यांच्या ढिगात.

कागदांची स्थिती याहून चांगली नव्हती. फिलाडेल्फिया बेल या संघाने घरच्या पहिल्या दोन सामन्यांना मिळून सुमारे १ लाख २० हजार प्रेक्षक आल्याचे जाहीर केले होते. पुढे उघड झाले की, त्यांतली जेमतेम २० हजारांच्या आसपास तिकिटे विकली गेली होती आणि बाकीची फुकट वा नाममात्र दरात वाटली होती. ज्या लीगने आपल्या प्रेक्षकसंख्येविषयी असे आकडे दिले, तिच्या इतर कागदांवर तरी किती विसंबायचे? म्हणून त्या दोन हंगामांत मैदानावर नेमके काय घडले, कोणता खेळाडू कोणत्या संघात किती दिवस होता, साहित्याची किती ओढाताण होती, याचा पुरावा ज्या थोड्या वस्तूंत शिल्लक आहे त्यांत जर्सीचा क्रमांक फार वरचा आहे, आणि तो पुरावा तिच्या डागांत, ठिगळांत व टाक्यांत आहे. तो साबणाच्या पाण्यात बुडवणे म्हणजे एखाद्या घराण्याच्या दप्तरातली शाई पुसण्यासारखे आहे.

हे केवळ भावनेपोटी म्हणत नाही. या जर्सी ज्या काळातल्या आहेत, त्या काळात अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन प्रकारची कापडे एकाच वेळी वापरात होती. जुन्या पद्धतीचे कापड जाड, दुपदरी विणीचे. बाहेरच्या अंगाला चकाकणारे नायलॉन आणि आतल्या अंगाला मर्सराइज केलेले, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने मजबूत व तुकतुकीत केलेले, कापसाचे सूत. दुसरे म्हणजे जाळीदार नायलॉन, जे उन्हाळ्यातल्या सामन्यांना सोयीचे होते. जुलैत हंगाम सुरू करणाऱ्या लीगला जाळीची गरज अधिक होती, हे उघड आहे. या दोन्ही कापडांवर खेळाच्या खुणा वेगवेगळ्या उमटतात. समोरच्याच्या हेल्मेटचा रंग खांद्यावर आणि छातीवर रेघेसारखा घासला जातो. बाहीला दुसऱ्याच्या बोटांनी ओढल्यामुळे विणीतला एखादा धागा निघून बारीक शिडी पडते. फाटलेली जागा संघाकडून घाईघाईत, बहुधा मिळेल त्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेली असते. आणि त्या शिवणीवर पुढच्या सामन्याचा मळ बसलेला दिसला, तर ती शिवण त्याच काळातली आहे हे कळते. एकदा धुतले की शिवणीवरचा मळ जातो, आणि हा एकच धागा, जो १९७४ सालची दुरुस्ती आणि काल-परवाची बनवाबनवी यांतला भेद सांगत होता, हातातून सुटतो.

मैदानही कापडावर लिहून ठेवते. फिलाडेल्फिया बेलचे १९७४ चे घरचे सामने जॉन एफ. केनेडी स्टेडियमवर, खऱ्या गवतावर झाले. १९७५ साली संघ फ्रँकलिन फील्डवर गेला आणि तेथे कृत्रिम हिरवळ होती. खऱ्या गवतावर घसरलेल्या जर्सीला हिरवट-पिवळे डाग आणि मातीची पुटे असतात. कृत्रिम हिरवळीवर घसरलेल्या नायलॉनला घर्षणाची धग लागते, धाग्यांची टोके वितळून एकमेकांना चिकटतात आणि कोपरापाशी किंवा बगलेखाली खरखरीत, किंचित चकाकणारा चट्टा उमटतो. संघ परगावीही खेळत असल्यामुळे एवढ्यावरून वर्ष ठरवता येत नाही, हे खरे. परंतु माझ्याकडच्या बेलच्या एका जर्सीवर मातीचे पुट आणि तसे चट्टे दोन्ही आहेत, आणि चट्टे मातीच्या वर आहेत. ज्या मुलीने वडिलांची ही जर्सी मला दिली, तिने पाठवण्यापूर्वी फोनवर विचारले होते की, "धुऊन पाठवू का?" त्या फोनबद्दल मी तिचा आजही ऋणी आहे.

माझ्याकडून मात्र ही चूक एकदा झालेली आहे. मी घेतलेली दुसरीच जर्सी, सदर्न कॅलिफोर्निया सन या संघाची, मी स्वतःच्या हाताने कोमट पाण्यात धुतली. कापडाची एवढी वर्षे तपासणी केलेल्या माणसाला हे कळायला हवे होते. त्या संघाचे रंग गडद किरमिजी आणि नारिंगी. दोन्ही रंग इतक्या जुन्या कापडावर कितपत पक्के राहिले असतील, याचा मी विचार केला नाही. पाच मिनिटांत पाणी गुलाबी झाले, पांढऱ्या पट्टीत रंग उतरला आणि डाव्या खांद्यावर जो निळसर घासा होता, तो कोणत्या संघाच्या हेल्मेटचा असावा हे पाहायचे राहूनच गेले. त्या जर्सीची नोंद मी वहीत केली आहे आणि तिच्यापुढे "संग्राहकाने धुतली" असे लिहिले आहे, म्हणजे माझ्यानंतर ती ज्याच्याकडे जाईल त्याची दिशाभूल होऊ नये.

घाम आणि मळ कापडाला बाधतच नाही, असा दावा मी करत नाही. घामातील क्षार कालांतराने सुताला कमकुवत करतात आणि मळलेल्या जागी कीड व बुरशी लवकर येते. परंतु त्यावर काय करायचे, किती करायचे आणि कुठे थांबायचे, हे वस्त्रसंवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या व्यक्तीने, आधी छायाचित्रे घेऊन, ठरवायचे असते. घरच्या न्हाणीघरात ते ठरत नाही. इस्त्रीविषयी तर बोलायलाच नको; त्या काळी कित्येक जर्सींवरचे आकडे शिवलेले नसून छापलेले असत, आणि छापील आकड्यावर गरम इस्त्री फिरली की तो मऊ होऊन इस्त्रीलाच लागतो. काचेच्या चौकटीचा मोह मला समजतो, कारण घरी आलेल्या माणसाला आपली आवड दाखवावी असे सर्वांनाच वाटते. पण भिंतीवरचा उजेड, विशेषतः खिडकीतून येणारे ऊन, नायलॉन पिवळे करते आणि रंग उडवते. हँगरला टांगलेली विणीची जर्सी स्वतःच्या वजनाने खांद्यापाशी लोंबते. ड्रायक्लीनरच्या प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळून ठेवलेली तर आतल्या आत कोंदटते. आम्लरहित पातळ कागदाचे बोळे घड्यांमध्ये घालून, खोक्यात, शक्य तितकी सपाट आणि अंधारात ठेवावी. माझ्या ११ जर्सी पलंगाखालच्या चार खोक्यांत आहेत आणि वर्षातून दोनदा मी त्यांच्या घड्या बदलतो.

याच डागांचा आणि टाक्यांचा दुसरा उपयोग खरे-खोटे करण्यासाठी होतो, आणि आता या लीगच्याही नकली जर्सी विकल्या जातात म्हणून तो महत्त्वाचा आहे. सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे सामन्याच्या जुन्या छायाचित्राशी जर्सी पडताळून पाहणे, ज्याला संग्राहक 'फोटो-मॅच' म्हणतात. आकडा छापील नसून शिवलेला असेल, तर त्याची कड जाळीच्या नेमक्या कोणत्या भोकांवरून जाते, हे प्रत्येक जर्सीत वेगळे असते, कारण तो हाताने बसवून शिवलेला असतो. चांगल्या स्पष्ट छायाचित्रात ती भोके मोजता येतात. दुरुस्तीची शिवण आणि न निघालेला डागही तसेच जुळवता येतात. परंतु या लीगची छायाचित्रे मुळातच कमी. स्थानिक वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी काढलेली, बहुतेक कृष्णधवल. त्यामुळे एखादाच डाग जुळण्याची आशा असते आणि तोच आपण धुऊन टाकला, तर पडताळणीला काहीच उरत नाही.

लेबलावरूनही काही गोष्टी कळतात. अमेरिकेत कपड्यांवर निगेच्या सूचना लिहिण्याचा नियम १९७२ च्या जुलैपासून लागू झाला, पण शब्दांऐवजी नुसती चिन्हे, म्हणजे पाण्याची बादली, त्रिकोण, इस्त्री वगैरे, छापण्याची परवानगी १९९७ साली मिळाली. म्हणून येथे तयार झालेली आणि १९७४ ची म्हणून दाखवलेली जर्सी आतून उलटल्यावर शिवणीत तसल्या चिन्हांची पट्टी दिसली, तर पुढे पाहण्याची गरज नाही. उलट, काही विक्रेते आणि तपासनीस जांभळ्या (अल्ट्राव्हायोलेट) दिव्याखाली जर्सी धरतात आणि ती चमकली की नकली ठरवतात. ही पद्धत मला मान्य नाही. कपडे अधिक पांढरे दिसावेत म्हणून धुलाईच्या पावडरीत घातली जाणारी चमकदार द्रव्ये १९७४ च्या कितीतरी आधीपासून वापरात होती, तेव्हा त्या काळी नीट धुतलेली अस्सल जर्सीही त्या दिव्याखाली चमकणारच.

जर्सीच्या पाठीवर खेळाडूचे नाव असलेली जी पट्टी शिवतात, तिच्याविषयीही असेच घाईचे निष्कर्ष काढले जातात. पट्टीच्या कडेला सुईच्या भोकांची जास्तीची ओळ दिसली की, साध्या खेळाडूची जर्सी मोठ्या खेळाडूच्या नावावर खपवण्यासाठी पट्टी बदलली, असे धरले जाते. नॅशनल फुटबॉल लीगच्या जर्सीबाबत ही शंका रास्त असेल. वर्ल्ड फुटबॉल लीगमध्ये मात्र पगार थकला म्हणून आज एक खेळाडू निघून जाई आणि उद्या तोच आकडा दुसऱ्याला दिला जाई. नव्या जर्सीला पैसे नसत, म्हणून जुनी पट्टी उसवून नवी शिवली जाई. माझ्याकडच्या एका जर्सीवर अशा तीन ओळी आहेत. दोन ओळींतला दोरा एकाच जातीचा, टाक्याची लांबीही एकच, म्हणजे एकाच यंत्रावर, बहुधा एकाच हाताने ते काम झाले. एका आकड्यातून तीन माणसे गेली. त्या संघाची त्या वर्षीची अवस्था याहून थेटपणे सांगणारा कागद मला तरी आजवर मिळालेला नाही.

यावरून मी दुसऱ्या सल्ल्याकडे येतो. नावाजलेल्या खेळाडूच्याच जर्सीला मोल, हा बाजाराचा हिशेब झाला आणि तो करणाऱ्याला माझी हरकत नाही. पण झॉन्का किंवा वॉरफील्ड यांची कारकीर्द मायामीच्या नोंदींत, चित्रफितींत आणि पुस्तकांत सुरक्षित आहे; या लीगमध्ये ते ज्या मेम्फिस संघाकडून खेळले, त्याची जर्सी हरवली तरी त्यांना कोणी विसरणार नाही. ज्या लाइनमनने, म्हणजे पुढच्या फळीत समोरच्यांशी झुंजणाऱ्या खेळाडूने, डेट्रॉइटकडून नऊ-दहा सामने खेळले, संघ बुडाल्यावर घरी जाऊन एखादी नोकरी धरली आणि पुन्हा कधी व्यावसायिक मैदानावर पाऊल टाकले नाही, त्याच्या खेळाची खूण म्हणून कदाचित तेवढी एक जर्सीच असते. १९७५ साली विली वूड फिलाडेल्फिया बेलचे मुख्य प्रशिक्षक झाले, तेव्हा आधुनिक व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये त्या पदावर आलेले ते पहिले कृष्णवर्णीय होते. त्यांच्या हाताखाली खेळलेल्या साध्या खेळाडूची जर्सी कवडीमोलाची कशी म्हणावी, हे मला समजत नाही. मी माझा संग्रह मुद्दाम अशाच जर्सींपुरता ठेवला आहे, आणि तो वाढवण्याची आता घाई आहे, कारण १९७४ साली जे पंचविशीत होते ते आता पंचाहत्तरी ओलांडलेले आहेत.

म्हणूनच लेखिकेने ज्या गोष्टीचा उल्लेख केला नाही, ती मी विनंतीपूर्वक मांडतो. जर्सी मिळते तेव्हा तिच्याबरोबर हकीकतही मिळत असते, आणि ती त्याच वेळी लिहून घ्यावी लागते. घरातील वृद्ध माणूस गेल्यावर येथे वस्तूंची घरगुती विक्री होते. खोक्याच्या तळाशी जर्सी सापडते, विकणारा मुलगा वा पुतण्या म्हणतो की, काका एके काळी खेळत असत, आणि घेणारा दहा मिनिटांत निघून जातो. त्याच वेळी विचारावे की काका कोणत्या साली, कोणत्या गावी खेळत असत, जर्सी त्यांना कोणी दिली, ती पुढे कधी घातली, धुतली, दुरुस्त केली का, आणि घरात त्यांचा जुना फोटो आहे का. उत्तर देणाऱ्याची परवानगी घेऊन हे तारखेसह लिहावे आणि तो कागद जर्सीच्याच खोक्यात ठेवावा. ठाऊक नसलेली गोष्ट अंदाजाने भरू नये. माझ्या ११ पैकी चार जर्सींची हकीकत मला मिळालीच नाही, कारण त्या माझ्याकडे येण्यापूर्वी तीन-चार हातांतून गेल्या होत्या आणि मधल्या कोणी विचारलेच नव्हते.

बर्मिंगहॅम, मेम्फिस, जॅक्सनव्हिल, ऑर्लँडो, पोर्टलंड, फिलाडेल्फिया, डेट्रॉइट या आणि आमच्या शार्लटसारख्या शहरांत आपली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात, त्यांच्यापैकी कित्येक जण आपले दैनिक इंटरनेटवर वाचतात, आणि अशा घरगुती विक्रीला जाण्याची आवड त्यांच्यातही आहे. आपल्या लेखाने त्यांच्यापैकी एखाद्याला जुनी जर्सी उचलावीशी वाटली असेल, तर त्याचे स्वागतच आहे. ती घरी नेल्यावर साबणाला हात लावण्याआधी, दिवसाच्या उजेडात, पुढून, मागून आणि आतली बाजू बाहेर काढून तिची छायाचित्रे घ्यावीत, शिवणी आणि डाग जवळून टिपावेत. हे पत्र छापताना जागेअभावी काही गाळावे लागले, तर माझ्या संग्रहाविषयीचा भाग खुशाल गाळावा, परंतु एवढी सूचना राहू द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, शार्लट, नॉर्थ कॅरोलायना